आमची वाटचाल : खताच्या बादलीपासून पाल्याच्या गोणीपर्यंत

आमच्याकडून आज सगळ्यात जास्त काय विकलं जात असेल, तर वाळलेल्या, भरडलेल्या पाल्याच्या गोण्या. धंदा उभा राहिला तो मात्र खताच्या बादल्यांवर. पुण्यात घरोघरचा ओला कचरा घरीच जिरावा म्हणून लागणारं साहित्य आम्ही पुरवतो. बादलीकडून पाल्याकडे हे काम कसं सरकत गेलं ते सांगायला घेतलं, की घरच्या खताचं निम्मं तंत्र त्यातच येतं.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा ठेवणं प्रत्येक घराला बंधनकारक केलं. ५,००० चौरस मीटरहून मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवावा, असंही त्यात आलं. पुण्याला हा विषय नवा नव्हता. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी शहराचा कचरा वर्षानुवर्षं सोसला आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून कचरावेचकांचं संघटन करते आहे, आणि ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेचे सभासद दारोदार जाऊन कचरा गोळा करतात. मिसळलेल्या कचऱ्यात हात कुणाचा जातो, हे पुणेकराला आपल्या दारातच दिसतं. ओलं घरी जिरलं की सुका कचरा खरोखरच सुका राहतो, कागद भिजत नाही, त्याला भाव मिळतो आणि तो निवडणाऱ्या ताईंच्या हाताला घाण लागत नाही. आम्हाला कुंडीतल्या खताइतकंच हेही मोलाचं वाटतं.

चार माणसांच्या घरात रोज साधारण पाऊण ते एक किलो ओला कचरा निघतो. त्याला २० लिटरच्या तीन बादल्या पुरतात : एक भरायची, दुसरी मुरायला ठेवायची आणि तिसरी हाताशी ठेवायची. डिस्टेंपरची रिकामी बादली स्वच्छ धुऊन वापरली तरी काम तेच होतं. विकतच घेतली पाहिजे असं नाही. कडेला तळापासून ५ सेंमी वर सुरुवात करून दर १० सेंमीवर ६ मिमीची भोकं पाडायची, तळाला आठ-दहा. आतून मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा लावला की माश्या शिरत नाहीत. तळाशी नारळाच्या शेंड्यांचा ५ सेंमीचा थर हवाच, नाहीतर महिन्याभरात खालची भोकं लगद्यानं बुजतात. बादली दोन विटांवर ठेवायची म्हणजे खालून हवा खेळते. जमिनीला चिकटलेली बादली वरून चांगली दिसते आणि तळाशी सडते.

पहिल्या दिवशी शेंड्यांवर पाल्याचा चार बोटं थर, त्यावर दोन ओंजळी जुनं खत. जुनं खत नसेल तर मूठभर शेण, किंवा वाटीभर आंबट ताकात सुपारीएवढा गूळ विरघळवून शिंपडायचा. कल्चर म्हणून जे पाकीट मिळतं त्याचं काम एवढंच, आणि तेही एकदाच. पुढच्या बादलीला आधीच्या बादलीतलं खत विरजण म्हणून लागतं. म्हणून आम्ही ते पाकीट घराला एकदाच देतो, दर महिन्याला लावून देत नाही.

त्यानंतर रोजचं काम दोन मिनिटांचं. कचरा निथळून घ्यायचा, मोठे तुकडे दोन-तीन सेंमीचे करायचे, एक वाटी कचऱ्याला एक वाटी भरडलेला पाला मिसळायचा आणि वर पाल्याचा दोन बोटं थर द्यायचा. कलिंगडाच्या साली, काकडीचा कीस असलं पाणीदार काही असेल तर पाला दुप्पट. आठवड्यातून दोनदा खुरप्यानं तळापर्यंत हलवायचं. बादली भरायला साधारण महिना लागतो, कारण खालचा भाग सारखा बसत जातो. भरल्यावर ३० ते ४५ दिवस मुरू द्यायची.

आता पाल्याचं. भाज्यांच्या सालपटांत नत्र जास्त आणि पाणी तर ८० ते ९० टक्के. जिवाणूंना साधारण एक भाग नत्रामागे २५ ते ३० भाग कर्ब लागतो. तो कर्ब कोरड्या मालातून येतो. आमच्या व्यवसायात कोरडा माल म्हणजे बहुतेक वेळा कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. पाच किलोची वीट पाण्यात फुगून ७० लिटरच्या आसपास होते, म्हणून ती स्वस्त वाटते. पण कोकोपीट पाणी धरून ठेवतं, पोकळी करत नाही. त्याचा स्वतःचा कर्ब लिग्निन नावाच्या चिवट, लाकडी घटकात अडकलेला असतो, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांत तो जिवाणूंच्या फारसा वाट्याला येत नाही. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये क्षार असतात, ते वेगळंच. आणि ते दक्षिणेकडच्या नारळाच्या पट्ट्यातून ट्रकनं येतं, तेव्हा इथे रस्त्याकडेचा पाला झाडून पेटवला जातो. रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागेत कचरा जाळायला त्याच २०१६ च्या नियमांनी मनाई केली होती. हे गणित मांडल्यावर पाला गोळा करणं हाच आमचा मुख्य उद्योग झाला.

लाकडाचा भुसा चालतो, पण तो साध्या लाकडाचा. प्लायवूड किंवा एमडीएफ कापल्यावरचा भुसा घेऊ नये, त्यात डिंक-रसायनं असतात. फर्निचरच्या कारखान्यात तो एकाच पोत्यात भरलेला असतो, म्हणून विचारूनच घ्यावा. भुशात कर्ब फार जास्त असल्यानं नुसता भुसा घातला तर खत महिनोन्‌महिने तसंच पडून राहतं. पाल्यात एकचतुर्थांश मिसळला तर ठीक.

ग्राहकांचे फोन येतात ते ठरलेल्या तीन-चार तक्रारींचे, आणि त्यांतल्या बहुतेकांचं मूळ पाण्यात असतं. मूठभर माल घट्ट दाबून बघा. बोटांतून एखाददुसरा थेंब यावा, धार लागू नये. हा ५० ते ६० टक्के ओलावा, घट्ट पिळलेल्या फडक्याइतका. धार लागली तर हवेच्या जागा पाण्यानं भरल्या आहेत. मग कुजक्या अंड्यांचा किंवा आंबूस वास येतो. अशा वेळी सगळा माल वर्तमानपत्रावर पसरून दोन तास वाऱ्यावर ठेवायचा, पाला मिसळून परत भरायचा. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास असेल तर नत्र जास्त झालं : डाळी, उरलेली उसळ, चहाचा चोथा एकदम पडला असेल. त्यालाही पालाच. काहीच वास नाही, काहीच होत नाही आणि आत मुंग्या आहेत, तर माल कोरडा पडला आहे. तांब्याभर पाणी शिंपडा. पांढरी बुरशी दिसली तर काही करू नका, तिचं काम चालू आहे.

अळ्यांनी लोक सगळ्यात जास्त घाबरतात. चपट्या, तपकिरी, अर्धा-पाऊण इंच लांबीच्या अळ्या म्हणजे काळ्या सैनिक माशीच्या. त्या कचरा झपाट्यानं फस्त करतात आणि त्यांची मोठी माशी ताटाभोवती घोंघावत नाही. त्या भिंतीवर चढू लागल्या तर आत पाणी झालंय का, ते बघावं. पांढऱ्या, बारीक अळ्या घरमाशीच्या; कचरा पाल्यानं न झाकता उघडा राहिला की त्या होतात. चिलटं केळी-आंब्याच्या सालींबरोबरच घरात येतात. वरचा थर कायम कोरडा ठेवला तर त्यांना अंडी घालायला जागा उरत नाही. फवारे मारू नका, त्यानं काम करणारे जीवही मरतात.

शिजलेलं अन्न चालतं, पण भात कुस्करून पाल्यात मिसळून. त्याचा गोळा तसाच राहिला की आतून आंबतो. लोणच्याचा खार, तळणीचं तेल नको. अंड्याची टरफलं चुरून, मक्याची कणसं कापून टाका. आंब्याच्या कोया आणि करवंट्या वेगळ्या ठेवलेल्या बऱ्या. हाडं-मासे घरच्या बादलीत नकोत. इतकी छोटी रास तापत नाही; साधारण घनमीटरभर माल असेल तरच आतलं तापमान ५५ ते ६५ अंशांवर जातं आणि रोगजंतू मरतात. घरच्या खतातून टोमॅटोची रोपं उगवतात ती याच कारणानं, बी शाबूत राहतं. ‘कम्पोस्टेबल’ लिहिलेल्या हिरव्या पिशव्याही याच कारणानं बादलीत विरघळत नाहीत, त्यांना मोठ्या प्रकल्पातली उष्णता लागते. चहाच्या पुड्यांची (टी-बॅगची) जाळीही अनेकदा प्लास्टिकची असते. पुडी फाडून चोथा घ्या.

आमच्या बादलीला आता तोटी नाही. तळाला साचणारं काळं पाणी झाडांचं टॉनिक म्हणून वापरायची पद्धत बरीच पसरली आहे. आमचं मत वेगळं आहे. ते पाणी हवा न मिळालेल्या थरातून झिरपतं, आंबलेलं असतं आणि मुळांना इजा करू शकतं. बादली नीट चालत असेल तर पाणी साचतच नाही. तोटी असली की लोक पाला कमी घालतात.

सोसायट्यांची कामं वेगळ्या हिशेबानं होतात. १०० फ्लॅटमागे दिवसाला ७० किलोच्या आसपास ओला कचरा धरला, तर दीड मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच अशा जाळीदार विटांच्या सहा टाक्या लागतात. तीन भरायच्या, तीन मुरायच्या. उंची मीटरच्या वर नेऊ नये, खालचा माल दबून हवा बंद होते. टाकीवर पत्रा आणि समोर माल उलटायला टाकीएवढी मोकळी जागा, हे नकाशातच धरावं लागतं. काम बिघडतं ते टाकीत नाही, वर्गीकरणात : डायपर किंवा काच सापडली की कामगार हात घालणं सोडतात, आणि ते बरोबरच आहे. महापालिकेच्या मिळकतकरात अशा प्रकल्पांसाठी सवलतीची तरतूद आहे. पण ती प्रकल्प चालू असण्यासाठी आहे, टाक्या बांधलेल्या असण्यासाठी नाही.

२४ तासांत खत करणारी विजेची यंत्रं आम्ही विकत नाही. ती कचरा तापवून वाळवतात आणि दळतात. बाहेर पडणारी तपकिरी पूड दिसते खतासारखी, पण तिचं कुजणं राहिलेलं असतं. चमचाभर पूड ओली करून बरणीत झाकण लावून तीन दिवस ठेवा. घाण वास आला तर ते खत नाही. हीच चाचणी आपल्या बादलीतल्या खतालाही लावावी. त्यात पावसाच्या मातीसारखा वास हवा. मग ४ मिमीच्या चाळणीतून चाळून घ्यायचं, वर राहिलेलं पुढच्या बादलीत. कुंडीत तीन भाग मातीला एक भाग खत पुरे. नुसत्या खतात रोप लावलं तर ते पिवळं पडतं.

ग्राहकांच्याच मागणीवरून घरच्या साफसफाईसाठी रिठ्याची पूड आणि संत्र्या-लिंबाच्या साली आंबवून केलेलं बायो-एंझाइम ठेवायला लागलो. एंझाइम घरीच करा, प्रमाण सोपं आहे : १ भाग गूळ, ३ भाग साली, १० भाग पाणी. प्लास्टिकच्या बाटलीत, पाव भाग रिकामा ठेवून, तीन महिने. पहिला महिना रोज झाकण सैल करायचं, नाहीतर वायूनं बाटली फुटते; काचेची तर नकोच. दोन गोष्टी मात्र कुणी सांगत नाही. ते आम्लधर्मी असतं, म्हणून शहाबादी फरशी, कडाप्पा आणि संगमरवरावर वापरू नका. हे चुन्याचे दगड आहेत, पृष्ठभाग खाल्ला जातो. आणि ब्लीचिंगबरोबर ते कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू तयार होतो. रिठ्यानं भांडी चांगली निघतात. पांढऱ्या कपड्यांना मात्र हळूहळू पिवळट छटा येते.

पाल्याचा हंगाम जानेवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं सगळ्यात लवकर कुजतात, करंज-जांभूळ मध्यम, आंबा-वडाची जाड पानं भरडूनच घ्यावी लागतात. निलगिरी आम्ही घेत नाही. भरडल्यावर आकारमान तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येतं, म्हणून साठवण परवडते. घरी यंत्र नसेल तर कडक वाळलेली पानं पोत्यात भरून पायानं तुडवावी. पाल्याची खरी गरज पावसाळ्यात लागते आणि तेव्हा बाहेरचा सगळा पाला ओला असतो. एका घराला जून ते सप्टेंबर भरडलेल्या पाल्याच्या तीन-चार गोण्या लागतात. त्या मेअखेर घरात आणून फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवाव्यात. रिकाम्या गोण्या फेकू नका. पुढच्या फेरीला गाडी आली की परत द्या, त्याच पुन्हा भरल्या जातात.