लिलावातलं घर आणि आमचे दोन एजंट

गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, आधीपासून घर शोधतोय. भवानी पेठेत भाड्याच्या दोन खोल्या, त्यात निम्मी जागा पाण्याच्या बॅरलांची कारण नळ येणार चार-पाच दिवसांनी, मग बायको म्हणाली आता जुळे सोलापुरात बघाच. नवीन फ्लॅटचे भाव ऐकून गप्प बसलो आणि कर्ज थकलं म्हणून बँका जी घरं लिलावात काढतात त्यांच्या पेपरातल्या नोटिसा वाचायला लागलो, ते बारीक अक्षरातलं पान ज्याच्यावरनं आपण कायम पुढं जातो ते.

एक टू बीएचके सापडला, राखीव किंमत, म्हणजे त्याच्या खाली बोली चालत नाही ती, २४ लाख. मेव्हण्याच्या ओळखीनं एजंट आला. गाडी चकाचक, कार्डावर महारेराचा, म्हणजे बिल्डर-एजंटांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर, बोलणं एकदम गोड. नंबर असणं चांगलंच हो, आता त्यांना परीक्षाही द्यावी लागते, पण ते सगळं मुख्यतः बिल्डरच्या नोंदणी झालेल्या प्रोजेक्टसाठी, लिलावातलं कळतं की नाही हे त्या नंबरावरून समजत नाही, हे मला नंतर समजलं. यानं आम्हाला फ्लॅट खालूनच दाखवला. रिकामाच आहे म्हणाला, किल्ली बँकेत आहे. आणि दहा हजार आधी द्या, आतल्या साहेबांशी बोलून ठेवतो.

इथंच माझं डोकं जरा सटकलं. ई-लिलाव ऑनलाइन होतो, बयाणाही नोटिशीत सांगितल्याप्रमाणंच भरायचा, मग साहेबांशी बोलायचं काय?

ऑफिसमधल्या एका काकांनी मग दुसरे एजंट सांगितले. साठीच्या पुढचे, जुनी लुना, हँडलला कागदांनी फुगलेली प्लास्टिकची पिशवी. त्यांनी घराचं कौतुक वगैरे काही केलंच नाही, पहिला प्रश्न, "मालक, उरलेले १८ लाख कुठनं आणणार?" मी म्हटलं लोन. तर ते हिशोबच मांडायला लागले. बयाणा १० टक्के म्हणजे २ लाख ४० हजार. बोली लागली की त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या कामाच्या दिवशी बयाण्यासकट २५ टक्के, म्हणजे राखीव किमतीलाच सुटला तरी ६ लाख. बाकीचे ७५ टक्के पंधरा दिवसांत. बँकेनं लेखी मुदत वाढवून दिली तर गोष्ट वेगळी, नाहीतर भरलेले पैसे जप्त. "लोन मंजूर व्हायला तुमची बँक किती दिवस घेते ते आधी विचारून या, मग मला फोन करा." पहिल्यानं हे एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

मग म्हणाले ताबा कुठला? मला वाटलं ताबा म्हणजे ताबा. तर नाही. सरफेसी कायदा २००२ चा, त्यात बँक कर्जदाराला साठ दिवसांची नोटीस देते आणि मग ताबा घेते, पण सांकेतिक ताबा म्हणजे दाराला नोटीस चिकटवली, पेपरात छापली, माणसं आतच. प्रत्यक्ष ताबा वेगळा, कर्जदारानं आपणहून सोडलं नाही तर कलम १४ खाली कलेक्टरकडं अर्ज करून घ्यावा लागतो. आमच्या नोटिशीत काय होतं? सांकेतिक. छापलेलंच होतं, मीच वाचलं नव्हतं.

तरी म्हणाले चला, बघून येऊ. जिना चढायच्या आधी ते मीटरच्या खोलीत शिरले. चष्मा वर करून नंबर जुळवला आणि मला बोलावलं. मीटरवरचा तांबडा दिवा टुकटुक करत होता. "रिकाम्या घरात लाईट कोण जाळतंय?" वर गेलो तर दार बंद, पण उंबऱ्याशी तुळशीची कुंडी, माती ओली. शेजारच्या वहिनींनी सांगितलं की माणसं राहतात आणि सोसायटीचा मेंटेनन्स बरेच दिवस थकलाय. नोटिशीत ‘जसं आहे जिथं आहे’ लिहिलेलं असतं ना, त्याचा अर्थ ही थकबाकी, महापालिकेची घरपट्टी, लाईटबिल सगळं आपल्या गळ्यात येऊ शकतं. लिलावात भाव कमी दिसतो तो यामुळं पण.

खाली येऊन चहा घेताना ते सरळ म्हणाले, हे नका घेऊ. कमिशन बुडालं की हो तुमचं, मी म्हटलं. हसले. डीआरटी, म्हणजे कर्जवसुलीच्या वादांचं न्यायाधिकरण, पुण्याला, एकदा तिथं केस अडकली की तुम्ही मलाच शिव्या घालणार म्हणाले. त्यांचं सरळ आहे, कमिशन घर घेतल्यावर, मालकीचे जुने कागद तपासून वकील देतो तो सर्च रिपोर्ट आपण आपल्या खर्चानं काढायचा आणि वकीलही आपला, त्यांनी सांगितलेला नको. हे स्वतःहून सांगणारा एजंट मी तरी पहिल्यांदा बघितला.

पहिल्याचे अजून गुड मॉर्निंगचे मेसेज येतात, रोज, फुलांसकट.

परवा रात्री म्हाताऱ्यांचा फोन आला. विजापूर रोडला एक आहे, प्रत्यक्ष ताबा बँकेकडं, रविवारी अधिकारी स्वतः उघडून दाखवणार. "मी संध्याकाळी जाऊन आलोय मालक, मीटर बंद आहे."