ठमीची अ‍ॅजिलिटी, महिना सहावा: सीसॉ, कुसळ आणि माझा डावा हात

मे महिन्यात माझ्या कुत्रीची, ठमीची, अ‍ॅजिलिटी सुरू केली होती, म्हणजे माणसाच्या इशाऱ्यावर कुत्र्यानं पळत ओळीनं अडथळे पार करायचा खेळ. आता ऑक्टोबर संपत आला. पावसाचे महिने तर पार्किंगमध्येच गेले, नुसतं माझ्याबरोबर पळणं, वळणं, हाताकडं बघणं एवढंच, जंप वगैरे काही नाही कारण रानात चिखल होता आणि घसरून खांदा दुखावला तर वर्ष जातं. खरं काम सप्टेंबरपासून चालू झालं.

नवीन लोकांसाठी: ठमी गावठी आहे, दोन वर्षांची, खांद्याला 48 सेंमी. एफसीआय या कुत्र्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मापात लार्ज, म्हणजे जंप 55 ते 60 सेंमी, पण आम्ही अजून 40 वरच आहोत आणि मला अजिबात घाई नाही. साताऱ्याजवळ माहुलीच्या बाजूला ओळखीच्या काकांचं पडीक रान आहे, तिथं सकाळी साडेसहाला जातो. जंप प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपच्या, टनेल लहान मुलांचा ऑनलाइन मागवलेला, वाळूच्या पिशव्या लावून दाबलेला. काकांनी पहिल्या दिवशी विचारलं, "हे कुठनं काढलंस खूळ?" म्हटलं काका, 1978 ला लंडनच्या क्रफ्ट्स डॉग शोमध्ये घोड्यांच्या उड्यांसारखं कुत्र्यांचं करून दाखवलं लोकांचा वेळ जावा म्हणून, तिथनं चालू झालं. काका म्हणाले, "आपल्या माहुलीत कुत्र्याची समाधी हाय की." ते साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याबद्दल बोलत होते, महाराजांचा जीव वाचवला म्हणतात त्यानं. त्या दिवसापासून काका आमच्या बाजूचे.

आता मुद्द्याचं, सीसॉ, म्हणजे मधल्या आधारावर खालीवर होणारी फळी. फळी सुताराकडून करून घेतली, 3.6 मीटर लांब, 30 सेंमी रुंद, रंगात बारीक वाळू मिसळून मारली म्हणजे पंजे सरकत नाहीत. चूक मी केली ती अशी की पहिल्याच दिवशी मधला आधार पूर्ण उंचीवर ठेवला. ठमी बिचारी डॉगवॉकची (न हलणाऱ्या पुलाची) फळी समजून भरभर चढली, मधोमध गेली, पायाखालचं हललं, पलीकडचं टोक धाडकन आपटलं आणि ती उडी मारून थेट माझ्या स्कूटीखाली जाऊन बसली. त्यानंतर फळी दिसली की शेपूट पोटाखाली.

मग सगळं मागं नेलं. फळी जमिनीवर सपाट, वर चढली की कलेजीचा तुकडा, चण्याएवढाच. मग फळीच्या मधोमध खाली एक वीट, टोकाखाली चार घड्या घातलेलं गोणपाट म्हणजे आवाज दबका येतो, आणि फळीवर चढायचंच नाही, फक्त पुढच्या पंजांनी टोक खाली दाबायचं. धप झालं की कलेजी. हे तिला इतकं आवडलं की चौथ्या दिवशी मी पिशवी उघडायच्या आधीच ती जाऊन फळी आपटून माझ्याकडं बघायला लागली. आवाज आता तिचा होता, तिनं केलेला. असं करत मधला आधार 30 सेंमीपर्यंत आला, पाच आठवडे लागले त्याला.

पण एक अडलं. मी शेजारी उभी असले की व्यवस्थित जायची, पळत पळत आलो की मध्यावर थांबायची. मी आपली "चल चल चल ठमे". शेवटी भाचीला घेऊन गेले मोबाइलवर शूट करायला. तिनं दोनदा व्हिडिओ बघितला आणि म्हणाली, "मावशी, तिचं काय चुकत नाही, तूच तिथं थांबतीयस." खरंच होतं. मध्याच्या एक पाऊल आधी माझा वेग कमी होतोय, मी वाकतेय आणि डावा हात वर येतोय, ती पडली तर धरायला. ठमीला तो हात दिसतोय. आपली बाई घाबरली म्हणजे पुढं काहीतरी वाईट आहे, असं ती धरून चालतेय, आणि तिच्या जागी मी असते तर मी पण थांबले असते.

म्हणून आठवडाभर मी एकटीच पळाले. ठमी झाडाला बांधलेली आणि मी फळीशेजारून सरळ, एका लयीत, हात खाली, नजर पुढच्या जंपवर, रोज वीस वेळा. हँडलरनं, म्हणजे कुत्र्याला पळवणाऱ्यानं, कुत्र्याशिवाय सराव करावा असं सगळे सांगतात आणि आपण टाळतो. टाळू नका, माझा सगळ्यात मोठा फरक त्यानं पडला.

मध्ये चार दिवस बंद होतो. एका सकाळी ती वीव्ह पोलजवळ (ओळीनं रोवलेल्या काठ्या, त्यांच्यामधनं नागमोडी जायचं) आली आणि बाजूनं निघून गेली, दुसऱ्या दिवशी पण तेच, आणि मी परत "कॉन्फिडन्स गेला" म्हणून बसले. तिसऱ्या दिवशी घरी पाय पुसताना पुढच्या डाव्या पंजाच्या बोटांमध्ये लाल दिसलं. कुसळ. अर्धं आत गेलेलं. डॉक्टरांनी काढलं, म्हणाले राहिलं असतं तर आत सरकत गेलं असतं. त्या दुखऱ्या पायानं ती दोन दिवस माझ्यासाठी जंप मारत होती, फक्त पोलमध्ये वळताना पाय दाबला जायचा तेवढंच नको म्हणत होती. मला फार वाईट वाटलं. आता दिवाळीपर्यंत रानात गवत वाळलेलं असणार, तेव्हा पळवायच्या आधी आणि नंतर चारही पंजे, बोटं फाकवून बघायचे. आणि कुत्रं नाही म्हणालं तर आधी अंग तपासायचं, मग ट्रेनिंग.

रविवारी पहिल्यांदा पाच अडथळे सलग लावले. जंप, जंप, टनेल, सीसॉ, जंप. टनेलमधनं ती बाहेर पडताना मी पुढं निघालेले होते, "सीसॉ" म्हटलं एकदाच आणि वळून बघितलं नाही. खरं सांगते, मान वळत होती आपोआप, दात दाबून समोर बघत पळाले. मागनं फळीवर नखांचा आवाज, मग जरा शांत, मग गोणपाटावर धप. आणि माझ्या डाव्या गुडघ्याजवळनं ठमी पुढं गेली, जंप मारून काकांच्या म्हशीपर्यंत.

पुढच्या आठवड्यात गोणपाटाची एक घडी कमी करणार. आधार 30 वरच.