अक्षराचे नाव आणि अक्षराचा आवाज

माझ्या मुलीला इंग्रजी वाचायला शिकवताना पहिले काही आठवडे मी तिच्याकडून अक्षरांची नावेच घोकून घेत होते, आणि 'सी, ए, टी' म्हटल्यावर 'कॅट' कसे होते, या तिच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. देवनागरीत 'म' हे अक्षराचे नावही आहे आणि उच्चारही. इंग्रजीत मात्र २६ अक्षरांवर सुमारे ४४ ध्वनींचा भार आहे, म्हणून फोनिक्समध्ये, म्हणजे अक्षरांचे ध्वनी जोडून वाचायला शिकवण्याच्या पद्धतीत, नावापेक्षा ध्वनीवर भर देतात. तो ध्वनी आधी मोठ्यांनी नेमका उच्चारायला हवा. 'ट' नव्हे, 'ट्'. पाय मोडलेले अक्षर म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही, आणि हा आपला मोठाच फायदा आहे असे मला वाटते. 'स्', 'म्', 'न्' हे ध्वनी लांबवता येतात, त्यामुळे 'मॅन'सारखा शब्द मध्ये न थांबता जोडून म्हणता येतो. 'प्', 'ट्' तसे लांबत नाहीत, म्हणून सुरुवातीला मी ते शब्दाच्या शेवटीच ठेवले. 'सेड', 'वॉज' यांसारखे नियमात न बसणारे शब्द थोडेथोडे, वेगळे दिले. काल तिने 'मॅप' हा पूर्वी कधीही न पाहिलेला शब्द माझ्या मदतीशिवाय वाचला.