पेण आलं, पेन कुठाय?

गणपतीला आम्ही दरवर्षी गाडीने गावी जातो, चिपळूणच्या थोडं पुढे. मुलुंडपासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास. एरवी सहा-सात तास, गणपतीत किती ते बाप्पालाच ठाऊक, मागच्या वेळी अकरा लागले. सोबत आठ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा, सासूबाई आणि मखराचं सामान.

नवऱ्याची थिअरी अशी की पहाटे तीनला निघायचं म्हणजे पोरं झोपेतच पनवेल पार. झोपेत असतात हो, पण लिफ्टपर्यंतच. पार्किंगमध्ये धाकटा टक्क जागा आणि वॉचमनसमोर मोठ्याने, "आई, आपण चोर आहोत का?"

मी हुशारी करून टॅबवर कार्टून भरून ठेवली होती. पळस्पे फाटा सोडला तोवर एकदम शांतता, म्हणलं वा, जमलं! पण मोठी जांभया देऊन थुंकी गिळायला लागली, चेहरा पांढरा. ओळखायला हवं होतं, पण मी खूश होते ना. पिशवी धरली तर तिला खाली भोक! तेव्हापासून प्रत्येक पिशवी आधी फुगवून बघते, हसू नका, तुम्हीपण बघा.

होतं काय, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण हलतोय आणि डोळे स्क्रीनवर चिकटलेले, ते सांगतात आपण जागेवरच आहोत, या गोंधळात पोट ढवळतं. दोन ते बारा वर्षांच्या पोरांना हा त्रास जास्त. त्यामुळे टॅब बंद, गोष्टीचं पुस्तकपण बंद, नजर समोरच्या काचेतून लांब रस्त्यावर, काच थोडी खाली. निघताना ग्लासभर दूध अजिबात नको (हे सासूबाईंना सांगणं हा वेगळाच घाट आहे), त्यापेक्षा कोरडी चटणी-पोळी आणि आलेपाक. गोळी द्यायचीच तर मुलांच्या डॉक्टरांना विचारून, आणि निघायच्या आधी, उलटी झाल्यावर नाही!

"मांडीवर घे गं त्याला, किती रडतोय" हा दुसरा वाद. नाही घेत. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा कारसीट नसेल तर हजार रुपये दंड आहे, २०१९ पासून कायद्यातच आहे. सासूबाईंना दंडाचं सांगितलं की पटतं, ब्रेक लागला तर काय होईल हे सांगितलं की म्हणतात अभद्र बोलू नकोस.

"अजून किती?" याला किलोमीटरमध्ये उत्तर देऊ नका, चार वर्षांच्या पोराला ऐंशी काय आणि आठशे काय. आम्ही गावांची माळ पाठ करून घेतली, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव, महाड, पोलादपूर. घोळ पहिल्याच मण्याला झाला. "पेण आलं" म्हणल्यावर हा हात पुढे करून बसला. "कुठाय?" त्याला वाटलेलं पेन मिळणार! वडखळपर्यंत रडला, मग पोह्याच्या पापडाचं पाकीट हातात दिल्यावर थांबला.

माणगावला नेहमीप्रमाणे गाडी जागची हलेना. तिथे दीड तास तारला तो एसटीने. गणपतीच्या जादा गाड्या मोजायच्या, समोर हार घातलेलीला दोन मार्क, बाकी एक. त्रेचाळीस मार्कांवर भांडण लागलं की डेपोच्या वळणावर उभी असलेली धरायची की नाही, सासूबाईंनी निकाल दिला, ड्रायव्हर बसलेला असेल तर धरायची.

कशेडीला आता बोगदा झालाय, पाऊण तासाचा घाट दहा मिनिटांत. पिशवी धरून मोठी तयारच होती, बाहेर आल्यावर म्हणाली, "उलटीचा घाट कुठे गेला?"

येताना पेणला धाकट्याने परत हात पुढे केला. नवऱ्याने काही न बोलता गाडी बाजूला घेतली, समोरच्या दुकानातून दहा रुपयांचं निळं पेन आणलं. पनवेल येईस्तोवर मागच्या सीटच्या क्रीम कव्हरवर एसटी उभी होती, हारासकट.