पीआरची फाइल सुरू असताना नवऱ्याकडे कॅनडाला: व्हिजिटर व्हिसा, विमानतळ आणि तिथला हिवाळा

लग्न झालं, सुट्टी संपली, नवरा टोरांटोला परतला आणि मला पीआर, म्हणजे कॅनडात कायमचं राहण्याची परवानगी, मिळावी यासाठीच्या आमच्या स्पॉन्सरशिपच्या अर्जाची वाट पाहणं सुरू झालं. ज्यांच्या घरात हे चाललंय त्यांना वेगळं सांगायला नको. कुणाच्या बारशाला जा, हळदीकुंकवाला जा, पहिला प्रश्न ठरलेला: ‘झालं का व्हिसाचं?’ हिवाळ्यात पुणे आणि टोरांटो यांच्यात साडेदहा तासांचा फरक पडतो. माझ्या सकाळच्या चहाला त्याचं रात्रीचं जेवण झालेलं असायचं, आणि संसार म्हणजे तेवढा एक व्हिडिओ कॉल.

हे लिहायचं कारण एकच. हा काळ दोघांनी दोन देशांतच काढायला हवा, असा कुठलाही नियम नाही. पीआरची फाइल सुरू असताना व्हिजिटर व्हिसा मागता येतो, मिळतो, आणि मी तो घेऊन जाऊन आले. पण आजूबाजूला ऐकू येतं ते उलटंच. ‘आत्ता अर्ज करू नका, नाकारतील, आणि मोठ्या फाइलवर डाग लागेल,’ असं मला कितीतरी जणांनी सांगितलं.

कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम २२(२) इथं कामाचं आहे. कायमचं राहण्याचा इरादा असला, तरी तेवढ्या कारणानं माणसाला तात्पुरतं येण्यापासून अडवता येत नाही. अट एवढीच की दिलेली मुदत संपल्यावर तो परत जाईल, अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. यालाच सगळे ‘ड्युअल इंटेंट’ म्हणतात. मे २०२३ मध्ये तर तिथल्या इमिग्रेशन खात्यानं जोडीदारांचे व्हिजिटर व्हिसाचे अर्ज लवकर निकाली काढण्यासाठी वेगळी पद्धत जाहीर केली होती, बहुतेक अर्ज ३० दिवसांत हातावेगळे करण्याचं उद्दिष्ट ठेवून. आज किती वेळ लागतो ते अर्जाच्या दिवशी खात्याच्या संकेतस्थळावर बघा, कारण तो आकडा सतत बदलतो.

म्हणून पहिला आणि सगळ्यात कळकळीचा सल्ला: काही लपवू नका. फॉर्ममध्ये विचारतात, नाही विचारलं तरी पत्रात लिहा, की माझा नवरा कॅनडात आहे, माझी पीआरची फाइल सुरू आहे, हा तिचा क्रमांक. ‘टुरिस्ट म्हणून जातेय’ असं दाखवणं फार महागात पडू शकतं. खोटी किंवा अर्धवट माहिती दिल्याचं ठरलं तर पाच वर्षांची बंदी येते, आणि त्या बंदीत तुमची मूळ फाइलही जाते. नुसता व्हिजिटर व्हिसा नाकारला गेला तर मात्र फाइल जात नाही. तो पुन्हा मागता येतो.

माझं पत्र दीड पानाचं होतं. कधी जाणार, कुठे राहणार, खर्च कोण करणार, परत का येणार, आणि पीआरचा निर्णय तोवर झाला नाही तर काय करणार, एवढंच त्यात होतं. सगळ्यात जास्त वजन ‘परत का येणार’ याला असतं. मी कंपनीचं रजा मंजुरीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट लावलं. नवऱ्याकडून आमंत्रणाचं पत्र, पीआर कार्डची प्रत, नोकरीचं पत्र, भाडेकरार आणि तिथल्या कर खात्याची ‘नोटिस ऑफ असेसमेंट’ घेतली. एओआर, म्हणजे अर्ज पोचल्याचं पत्र, आलेलं असेल तर तेही जोडा. लग्नाचं प्रमाणपत्र मराठीतच असेल तर अनुवाद आणि अनुवादकाचं प्रतिज्ञापत्र लागेल. अर्जाची फी १०० कॅनेडियन डॉलर, बायोमेट्रिक्स, म्हणजे बोटांचे ठसे आणि फोटो, द्यावे लागले तर वर ८५. आणखी एक: पूर्वी सरसकट दहा वर्षांचा मल्टिपल, म्हणजे अनेकदा ये-जा करता येणारा, व्हिसा मिळायचा, ती पद्धत नोव्हेंबर २०२४ पासून बंद झाली आहे. कमी मुदतीचा आला तर घाबरू नका.

तिकीट मुंबईहून दुबईमार्गे काढलं, परतीचं धरून. कॅनडात पोचायच्या आधीच्या ७२ तासांत तिथल्या सरकारच्या अराइव्हकॅन ॲपवर कस्टम्सची माहिती भरता येते. सक्ती नाही, पण टोरांटोच्या पिअर्सन विमानतळावर वेळ वाचतो. खाण्याचे सगळे पदार्थ जाहीर करा, अगदी सगळे. आईनं बेसनाचे लाडू, गोडा मसाला, मेतकूट दिलं होतं. मी यादीच करून नेली होती आणि विचारल्यावर ती वाचून दाखवली. ताजी फळं, कढीपत्ता, बिया, रोपं नेऊच नका.

कागद हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इन केलेल्या बॅगेत नाही. मला पहिल्या खिडकीवरून इमिग्रेशनच्या आतल्या काउंटरकडे पाठवलं. तिथं रांग होती आणि माझ्या पुढची मुलगी रडवेली झाली होती. आत पाठवणं म्हणजे संशय नव्हे, हे आधीच मनाशी धरून ठेवा. काउंटरवरच्या बाईंनी मला विचारलं, कुणाकडे आलात, पीआरचं काय झालं, नोकरी आहे का, परत कधी. मी जे खरं ते सांगितलं, रजेचं पत्र आणि परतीचं तिकीट दाखवलं. शिक्का मिळाला. शिक्क्यावर तारीख लिहिलेली नसेल तर प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिने राहता येतं. तारीख लिहिली असेल तर तीच अखेरची. तिथून हलायच्या आधी पासपोर्ट उघडून बघा.

नवरा टोरांटोला लागून असलेल्या मिसिसागाला एका बेसमेंटमध्ये राहतो. खिडकी छताजवळ, तिच्यातून बाहेरचं गवत आणि पुढे बर्फ डोळ्यांच्या वरच्या रेषेत दिसतं. तो सकाळी सातला बाहेर पडायचा. लग्नानंतर आम्ही असं एका घरात राहिलोच नव्हतो. जेजुरी, कुलदैवत, नातेवाइकांकडची जेवणं यात त्याची सगळी सुट्टी गेली होती. तो कपड्यांच्या घड्या किती नीट करतो, थकला की किती गप्प होतो, हे मला तिथं कळलं. पहिल्या आठवड्यात आमचं हीटरच्या तापमानावरून चांगलंच वाजलं. त्याला २० अंश पुरे वाटतं, मला काकडायला होतं. फोनवर कधी भांडता आलं नव्हतं, कारण फोन संपवायची घाई असायची. भांडून मग एकत्र जेवायला बसणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे वाट पाहणाऱ्यांनाच समजेल.

दिवस एकटीनं काढायची तयारी मात्र ठेवा. डिसेंबरात पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि बेसमेंटमध्ये तो तसाही कमीच. मी रोज दुपारी घराबाहेर पडायचं ठरवून टाकलं. बस-ट्रेनच्या भाड्याचं प्रेस्टो कार्ड पहिल्याच दिवशी घ्या. फेब्रुवारी २०२४ पासून मिसिसागाची मायवे बस, टोरांटोची टीटीसी आणि गो ट्रेन यांच्यात बदलताना दुहेरी भाडं पडत नाही. स्क्वेअर वन मॉलजवळचं हेझल मॅकॅलियन मध्यवर्ती ग्रंथालय माझं दुसरं घर झालं. बसायला कुणी कार्ड विचारत नाही. पोर्ट क्रेडिटला लेक ओंटारिओच्या काठी वारा कान बधिर करतो, तरी जा. जाड कोट पुण्यात घेऊ नका. आपल्याकडचा तिथल्या थंडीला पुरत नाही, शिवाय बॅगेतली जागा खातो. पोहे, साबुदाणा, शेंगदाणे मिसिसागा आणि ब्रॅम्प्टनमध्ये सहज मिळतात. टोरांटोचं मराठी भाषिक मंडळ कार्यक्रम करतं. तिथं गेलात तर याच रांगेतून गेलेल्या बायका भेटतात, आणि त्यांचा धीर एजंटच्या सल्ल्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो. नायगारा हिवाळ्यातही सुंदर दिसतो.

व्हिजिटरला तिथल्या मालकाकडे नोकरी करता येत नाही. भारतातल्या कंपनीचं काम लॅपटॉपवरून करायला हरकत नाही, पण पुण्याची ऑफिसची वेळ म्हणजे तिथली मध्यरात्र ते सकाळ. मी काही आठवडे केलं. ज्याच्याबरोबर राहायला गेलो तो घरी असताना आपण झोपेत, असं होतं. जमत असेल तर सरळ रजा घ्या.

विम्याशिवाय जाऊ नका. ओंटारिओची सरकारी आरोग्य योजना व्हिजिटरला लागू नाही आणि दवाखान्याचं बिल पूर्ण आपल्यावर येतं. पॉलिसी निघायच्या आधी घ्या. तिथं पोचल्यावर घेतली तर आजारपणासाठी बहुतेक कंपन्या सुरुवातीचे काही दिवस धरत नाहीत. दात दाखवायचे असतील तर इथंच दाखवून जा.

परतायचं की थांबायचं हे दोघांनी निघायच्या आधी बोलून ठेवा. मुदत संपायच्या आधी वाढीचा अर्ज केला, तर निर्णय येईपर्यंत कायदेशीरपणे राहता येतं. हा अर्ज निदान ३० दिवस आधी करावा असं खातंच सांगतं. जोडीदाराची फाइल सुरू असलेल्यांना कॅनडात असताना ओपन वर्क परमिटही, म्हणजे एकाच मालकाशी न बांधलेला कामाचा परवानाही, मागता येतो, त्याच्या अटी नीट वाचा. मी परत आले, कारण पत्रात तसं लिहिलं होतं आणि नोकरी सोडायची नव्हती. एक फरक मात्र लक्षात असू द्या: पासपोर्टवरचा व्हिसा आत येण्यासाठी, आणि शिक्क्याची तारीख राहण्यासाठी. मुक्काम वाढला म्हणून व्हिसा वाढत नाही. मध्येच भारतात येऊन पुन्हा जायचं असेल तर व्हिसा जिवंत लागेल.

स्पॉन्सर करणारा नागरिक नसून पीआरवर राहणारा असेल तर त्यानं या काळात कॅनडातच राहायला हवं. सुट्टीवर येता येतं, मुक्काम हलवता येत नाही. नागरिकाला ही अट नाही, पण पीआर आल्यावर आपण कॅनडात राहणार हे त्याला दाखवावं लागतं. आमच्यासारख्यांकडे म्हणूनच बायकोनं जाणं हाच सोपा मार्ग उरतो.

प्रवासाचे बोर्डिंग पास, शिक्क्याच्या पानांच्या प्रती, दोघांचे घरातले साधे फोटो जपून ठेवा आणि खात्याच्या संकेतस्थळावरच्या वेबफॉर्ममधून फाइलला जोडा. लग्न खरं आहे याचा हा पुरावाच आहे. कुठे आहात तेही कळवत राहा. मेडिकलची सूचना तुम्ही तिथं असताना आली, तर तिथल्या, खात्यानं नेमलेल्या पॅनेलवरच्या डॉक्टरकडेही तपासणी होते. निर्णयाच्या वेळी तुम्ही कॅनडात असाल तर पीआर पोर्टलवर ऑनलाइनच काम होतं. भारतात असाल तर पासपोर्ट व्हीएफएसच्या व्हिसा केंद्राकडे द्यावा लागतो. सीओपीआर, म्हणजे पीआर मिळाल्याचं पत्र, हातात आलं की त्यावरची अखेरची तारीख आधी बघा. ती सहसा मेडिकलच्या किंवा पासपोर्टच्या मुदतीवर ठरते आणि वाढवून मिळत नाही, त्यामुळे तिकीट तिच्या बरंच आधीचं काढा.