फुकटच्या तिकिटाचे पैसे कुणाचे?

आमच्याकडं पॉकेटमनी हा शब्दच गेल्या जूनमध्ये आला. त्याआधी सगळं मागेल तसं, पेनाला दहा दे, झेरॉक्सला पाच दे, कुणाचा तरी बड्डे आहे पन्नास दे, आणि महिनाअखेरीला हिशोबाला बसलं की पैसे नेमके कुठं गेले तेच कळायचं नाही. मी लहान असताना हे सोपं होतं. वडील बेळगावच्या वडगावात मागावर कामाला, शनिवारी बटवडा झाला की येताना चिरमुऱ्याचा पुडा आणि आम्हा तिघा भावंडांच्या हातावर चार-चार आणे, बास. जास्त मागायचं मनात आलं तरी तोंडातनं बाहेर पडायचं नाही. ते चार आणे २०११ ला बंदच झाले, एक नाणं मी ठेवलंय जपून, पोरांना दाखवलं तर म्हणतात बाबा हे खरं आहे काय.

तर शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी मी आणि बायको वही घेऊन बसलो. पोरगा नववीत, पोरगी सातवीत, शाळा टिळकवाडीत, जाणं-येणं सिटी बसनं. ठरलं असं की पोरीला आठवड्याला ६० आणि पोराला १८०. भेदभाव नव्हता हो, साधा हिशोब होता. कर्नाटक सरकारची शक्ती योजना आल्यापासनं, म्हणजे ११ जून २०२३ पासनं, बायका-पोरींना सरकारी बसला पैसे नाहीत, आधार दाखवायचं आणि कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट हातात देतो. पोराला मात्र जायचे दहा यायचे दहा, सहा दिवसांचे १२० झाले, ते त्याच्यात धरले. स्टुडंट पास काढला असता तर स्वस्तात सुटलो असतो पण फॉर्म आणा, फोटो काढा, शाळेचा शिक्का घ्या, यात मीच आळस केला.

तीन आठवडे बरे गेले. मग एक दिवस पोराच्या शर्टाच्या बाहीवर लालभडक डाग. गोबी. (आमच्याकडं नुसतं गोबी म्हटलं की कळतं, पुढं मंचुरी लावायची गरज नाही.) गोबीत असले रंग घालायला राज्यात मार्च २०२४ पासनं बंदी आहे म्हणे, पण तो डाग दोनदा धुतला तरी हलला नाही. चौकशी केल्यावर कळलं की साहेब बसनं जातच नाहीत, मित्राच्या सायकलवर डबलसीट जातात आणि बसचे पैसे गोबीच्या गाड्यावर. मी आवाज चढवला तर म्हणतो कसा, "वाचवले मी, मग माझेच की ते. चढाला सायकल मीच मारतो."

मला खरं सांगायचं तर ते पटलं. पण पोरगी तिथंच होमवर्क करत बसलेली, मान वर न करता म्हणाली, "त्याचे वाचलेले त्याचे, मग माझे वाचलेले कुणाचे?"

मी म्हटलं तुझं तिकीटच नाही तर वाचणार काय.

"सरकारनं तिकीट मला माफ केलंय. तू तेवढे माझ्यातनं कमी दिलास. म्हणजे ते तुलाच मिळूलालेत की बाबा."

बायकोचा भाकरी थापणारा हात थांबला आणि ती जी हसायला लागली. तिला हसायला काय, आमच्या या बायका या बाबतीत लय पुढं आहेत. माझी वहिनी कोल्हापूरला माहेरी जाताना निपाणीपर्यंत आपल्या बसनं फुकट जाते, पुढं महाराष्ट्राच्या एसटीत अर्ध्या तिकिटात, सीमाप्रश्नाचा एवढा फायदा अजून कुणाला झाला नसेल.

दोन दिवस विचार केला, उत्तर सापडलं नाही. शेवटी पोराचा पास काढला, बसचा विषयच पॉकेटमनीतनं बाहेर. दोघांना आठवड्याला ८० सारखेच, वय वेगळं असलं तरी. पोरगा दोन दिवस तोंड फुगवून होता, म्हणे मी मोठा. मग म्हणाला कॅश नको, फोनवर टाक. १० वर्षांवरच्या पोरांना आता स्वतःचं बँक खातं स्वतः चालवता येतं, रिझर्व्ह बँकेनंच २०२५ ला सांगितलंय, सगळी माहिती काढून आला होता. मी नाही म्हटलं. नोट मोडली की खिसा हलका झालेला कळतो, स्कॅन केलं की काहीच कळत नाही, मलाच कळत नाही तर त्याला काय कळणार.

यात एक भोक राहिलंच, आमची आई. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २००० खात्यात जमा झाले की खानापूरहून येते आणि दोघांच्या मुठीत शंभर-शंभर कोंबते, वर "बाबाला सांगू नका गा" असं मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. तिला काय बोलणार.

परवा पोरीच्या कंपासमध्ये पट्टी शोधत होतो. आत शून्य रुपयाच्या तिकिटांची गड्डी, रबर लावून ठेवलेली. मला वाटलं पोरीची हौस. वरचं तिकीट उलटं केलं तर मागं बारीक अक्षरात, "दादा, ४० रु., गोबी, सोमवारी देणार". खाली दादाची सही.