निकोसिया: आधी मैलापाणी, मग इतिहास

दुभंगलेल्या समाजात वारशाचं, म्हणजे जुन्या वास्तू जपण्याचं काम काढलं की पहिली सूचना येते ती परिसंवादाची. दोन्हीकडच्यांना बसवा, इतिहासावर बोलू द्या. माझं मत उलट आहे. इतिहास शेवटी घ्या. आधी ज्यात दोघांचीही अडचण आहे, ते काम हाती घ्या.

सायप्रसची राजधानी निकोसिया १९७४ पासून पुरती दोन तुकड्यांत आहे: दक्षिणेला ग्रीक सायप्रियट, उत्तरेला तुर्की सायप्रियट. तिथे १९७८ मध्ये ग्रीक बाजूचे महापौर लेलोस दिमित्रियादिस आणि तुर्की बाजूचे मुस्तफा अकिंजी यांचं आधी जमलं ते मैलापाण्यावर. वाहिन्यांची आखणी फाळणीआधीची, शुद्धीकरण केंद्र उत्तरेत. एकट्याने काहीच चालेना. त्या कामातून अभियंत्यांची ओळख झाली आणि १९७९ मध्ये संपूर्ण शहराच्या एकत्रित आराखड्यावर सहमती झाली. त्यात शहर तुटलेलंच राहिलं तर काय आणि जोडलं गेलं तर काय, अशा दोन्ही शक्यता धरल्या होत्या. ही फार शहाणी गोष्ट होती. राजकीय तोडग्याची वाट पाहत कुणाला थांबावं लागलं नाही.

तटबंदीतल्या शहरात दक्षिणेला ख्रिसालिनिओतिसा आणि उत्तरेला अरबअहमेत, अशी दोन मोहल्ल्यांची जोडी दुरुस्तीसाठी निवडली. जोडी महत्त्वाची. एकाच बाजूची वास्तू आधी उभी राहिली की दुसरीकडे लगेच हिशोब सुरू होतो. २००८ पासून काम करणाऱ्या द्विसमाजी वारसा समितीतही दोन्ही बाजू बरोबरीने बसतात. यादीत चर्च आणि मशिदी दोन्ही असतात. उत्तरेतल्या कार्पास द्वीपकल्पाच्या टोकावरच्या अपोस्तोलोस अँड्रियास या ख्रिस्ती मठासाठी सायप्रसचं चर्च आणि एव्काफ, म्हणजे तुर्की सायप्रियटांची वक्फ संस्था, दोघांनीही पैसा घातला.

प्रत्यक्ष कामात क्रम असा ठेवावा: फोटो आणि मोजमाप, मग टेकू, मग छप्पर आणि पन्हळी, भिंती त्यानंतर. जुन्या निकोसियात बऱ्याच घरांचा खालचा भाग दगडी आणि वर कच्च्या विटा. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, वीट भुसभुशीत होते आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. भुसा घातलेला मातीचा गिलावा आणि वर चुना, हेच टिकतं. अशा मुद्द्यांवर दोन्हीकडचे गवंडी तासन्‌तास वाद घालू शकतात, आणि त्या वादात कुणी कुणाचा शत्रू नसतो.

बिघडतं ते बहुधा कागदावर. दुरुस्ती केल्याने मालकीचा दावा बदलत नाही, हे करारात पहिल्याच पानावर लिहून ठेवा; नाहीतर ज्याने टेकू लावला त्याने जागा बळकावली असा आरोप ठरलेला. फलकावर दोन्ही भाषा एकाच आकारात, मजकूर दोघांनी आधी वाचून सही केलेला. वास्तूच्या नावावर अडलं तर दोन्ही नावं लिहा. उद्घाटनाच्या भाषणांची वेळही आधीच समान ठरवा. आणि देखभाल! पावसाळ्याआधी पन्हळ कोण साफ करणार, किल्ली कुणाकडे, वर्षाचा खर्च कोणत्या खात्यातून, हे काम सुरू होण्याआधी ठरलं पाहिजे. त्यासाठी मूळ अंदाजपत्रकातच वेगळी रक्कम धरा. देणगीदार ती सहज कापायला बघतात, तिथे अडून बसा.